आय आधी, ई नंतर

मी शिकलो तो माझ्या थोरल्या भावामुळे. घरात त्याला सगळेच दादा म्हणतात, आईसुद्धा. मुरुडजवळच्या आमच्या कोळीवाड्यातल्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आता रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. पालकसभेत बोलायची वेळ आली की मी दादाचा उल्लेख करतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, भाऊ दर्यावर राबला, त्यानं फी भरली, म्हणून हा शिकला. ते खरंच आहे. पण फी पुष्कळांचे भाऊ भरतात. दादानं मला अक्षरं आणून दिली, आणि ते मी सभेत कधी सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागलो की लांबतं.

वडील आजारात गेले तेव्हा दादा आठवीत होता. त्यानं शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. मी तेव्हा पाटी-पुस्तकातून नुकताच वर आलो होतो. मुंबईकडे जाणारी मोठी मालवाहू जहाजं आमच्या बोटींना लांबून दिसतात. त्यांच्या अंगावर घराएवढी इंग्रजी अक्षरं असतात. दादाला ती वाचता येत, पण पूर्ण नाव क्वचितच सापडे. बोट हलायची, जहाज वळायचं, मध्येच लाट आड यायची. जी दोन-तीन अक्षरं लागोपाठ दिसतील ती तो पेनानं हातावर उतरवून घ्यायचा. घरी आला की आईच्या पुढ्यात मासळीची टोपली ठेवायचा आणि माझ्या पुढ्यात हात.

मग माझं काम सुरू व्हायचं. ही अक्षरं याच क्रमानं ज्यांच्या पोटात आहेत ते इंग्रजी शब्द शोधायचे. शाळेतल्या सरांनी मला एक पाठपुठ्ठा निघालेली डिक्शनरी दिली होती, तिच्यात मी बोट फिरवत बसायचो. एकदा त्यानं एस, टी, आर आणलं. मी स्ट्रीट, स्ट्राँग काढले, मग डिस्ट्रिक्ट काढला, आणि इंडस्ट्री सापडला तेव्हा दादा जेवणावरून उठून ते पान बघायला आला. एकदा जी, एच, टी आणलं. लाइट, नाइट, फाइट, डॉटर. मी त्याला सांगितलं की यात जी आणि एच बोलत नाहीत, नुसते असतात. दादा म्हणाला, "म्हंजे आमच्या बोटीवर दोन हायत तसे. काम करत न्हायत, पन जेवायला पुढं."

मला इंग्रजीची गोडी लागली ती अशी. दर्यावरून येताना दादा काय घेऊन येईल याची मी वाट बघायचो. दर्याकडून दुसरं काही येऊ शकतं, हे माझ्या मनातही नसायचं.

मी दहावीला असताना दादानं आणि आमच्या चुलत्यानं मिळून स्वतःची बोट घेतली. बंदरातल्या बोटींना देवांची नावं होती. दादाला इंग्रजी नाव हवं होतं, आणि ते मी द्यायचं असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी 'सी फ्रेंड' सुचवलं. दर्याचा मित्र. नाव मी तोंडी सांगितलं, आणि घोळ तिथंच झाला. रंगवणारा पेंटर गावोगावच्या बंदरांवर फिरून बोटी रंगवायचा. त्यानं नाव ऐकलं आणि कानाला लागेल तसं लिहिलं. बोटीच्या पुढच्या टोकाला, ज्याला आम्ही नाळ म्हणतो, दोन्ही अंगांना निळ्या रंगावर पांढरी ठसठशीत अक्षरं उमटली. एफ, आर, ई, आय, एन, डी.

मी बघितलं आणि लगेच म्हटलं, चुकलंय. फ्रेंडमध्ये आय आधी येतो, ई नंतर. सरांनी हे आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की झोपेतही चुकलं नसतं. दादानं नाळेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसला. म्हणाला, "दर्याला कुठं वाचता येतंय?"

पुढे अलिबागला कॉलेजात गेल्यावर वर्गातली काही मुलं एकदा आमचं बंदर बघायला आली. त्यातला एक जण नाळेसमोर उभा राहून म्हणाला, तुमची बोट पाण्यात बुडायच्या आधीच स्पेलिंगमध्ये बुडाली. सगळे हसले. दादा तिथंच जाळं दुरुस्त करत बसला होता. तोही हसला, त्यांना नारळ काढून दिले. मला मात्र ते लागलं. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्यात बोटी वर काढून रंगवायची वेळ आली की मी दादाच्या मागे लागायचो. पेंटर यायचा, जुन्याच अक्षरांवरून ब्रश फिरवायचा, आणि चूक नव्यासारखी होऊन पुन्हा पाण्यात जायची.

या वर्षी जुलैत मी एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. आय आणि ई यांच्या खाली लाल रेघ मारली. पुठ्ठा दादाच्या हातात दिला आणि म्हटलं, एवढं एकच माझं ऐक. त्यानं तो दुमडून खिशात घातला आणि म्हणाला, "बघू." मग माझी शाळेतली कामं निघाली आणि त्यानंतर बोट बघायला माझं जाणं झालं नाही.

नारळी पुनव झाली, दर्याला नारळ दिला, बोटी गेल्या. थोड्याच दिवसांत वारा फिरला. बंदरावर धोक्याचा लाल बावटा लागला आणि आजूबाजूच्या बोटी एकेक करून परत आल्या. दादाची आली नाही. परतलेल्या एका बोटीच्या तांडेलानं, म्हणजे बोट हाकणाऱ्यानं, सांगितलं की त्यानं तिला दक्षिणेच्या अंगाला जाळं ओढताना बघितलं होतं, त्यानंतर वायरलेसवर हाक मारली तर उत्तर आलं नाही. ही गोष्ट वहिनीनं मला फोनवर सांगितली आणि मी शाळेतून तसाच निघून एसटी पकडली.

घरी आई दाराकडे तोंड करून बसली होती. वहिनी दादाचा फोन लावत होती. लागत नव्हता. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती, असं म्हणणारी ती बाई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. आई म्हणाली, "तिला म्हनावं, दुसरं कायतरी बोल गं बाय." कुणी हसलं नाही, पण वहिनीनं फोन जरा वेळ खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. हरिहरेश्वरला देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेखाली जे खडक आहेत, त्यांच्यात एक फळी अडकलेली सापडली होती. बोटीच्या अंगाची फळी, दोन्हीकडून तुटलेली. निळा रंग. त्यावर पांढरी अक्षरं. नोंदणीचा नंबर ज्या भागावर असतो तो भाग नव्हता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, कुणाची ओळख पटते का बघा.

अक्षरं चार होती. आर, आय, ई, एन.

मी फोटो मोठा करून बघितला. आरच्या आधी लाकूड चिरफाळलं होतं. एनच्या पुढे तुटलेली कड. आय आधी, ई नंतर. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं विचारलं, काय लिहिलंय. मी अक्षरं सांगितली. तिला ती समजली नाहीत, तिनं विचारलं, म्हणजे काय. मी म्हटलं, हे मधलंच आहे, शब्द नाही. पुढचं-मागचं तुटलंय.

"मग तू काढ की शब्द," आई म्हणाली. "लानपनी काढायचास ना. दादा अक्षरं आनायचा तवा."

हे ती साधेपणानंच म्हणाली. तिला वाटलं, हे काम मला येतं, तर मी ते करावं. मी फोन हातात घेऊन ओटीवर येऊन बसलो. आता डिक्शनरी लागत नाही. आपल्याला हवी ती अक्षरं टाकली की ती ज्या ज्या शब्दांत येतात त्यांची यादी फोनवर येते. मी वर्गातल्या मुलांना खेळ म्हणून ते दाखवतो. चार अक्षरं टाकताना माझा अंगठा दोनदा चुकला.

लहानपणी यादी जितकी लांब तितका मला आनंद व्हायचा. आता प्रत्येक शब्द मला वेगळ्या कारणासाठी हवा होता. यादीतला प्रत्येक शब्द म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी बोट, आणि यादी आखूड होती. पहिला शब्द फ्रेंड. त्याखाली फ्रेंडचीच पिल्लं, फ्रेंडली, फ्रेंडशिप. मग एक्स्पीरिअन्स. मग न्यूट्रिएंट. ओरिएंट आणि त्याचे नातेवाईक. शिवाय मला माहीत नसलेले काही अवघड शब्द, जे कोणताही नाखवा आपल्या बोटीला नाव म्हणून देणार नाही. न्यूट्रिएंट तरी कोण देईल? मी त्या शब्दांकडे बघत बसलो. बोटीचं नाव म्हणून शोभेल असा फ्रेंड सोडून एकच होता, ओरिएंट. आणि त्या नावाची बोट मी आमच्या बंदरात काय, मुरुडला किंवा श्रीवर्धनला जाता-येताना कधी बघितली नव्हती.

तेवढ्यात मला नाळ आठवली. आमच्या बोटीवर आय नंतर आहे, ई आधी. म्हणजे आमची फळी असती तर तिच्यावर आर, ई, आय, एन असं असायला हवं. मी धावत आत गेलो आणि आई-वहिनीला हे सांगितलं. पेंटरची चूक त्यांना माहीत होतीच, दर पावसाळ्यात माझी भुणभुण त्यांनी ऐकलेली. वहिनीनं क्षणभर डोळे मिटले. मग तिनं विचारलं, "पन औंदा तुमी पुठ्ठा दिलाता ना, भावजी?"

ते मी विसरलो नव्हतो. पण मोठ्यानं उच्चारायचं टाळत होतो. मी विचारलं, पुनवेच्या पूजेला गेली होतीस, तेव्हा नाव बघितलंस का. वहिनीला इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, पण कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे तिनं कशाला बघून ठेवावं? तिच्या फोनवर पूजेचा फोटो होता. तिनं तो काढून दिला. ताजी रंगवलेली नाळ, हळदकुंकू, नारळ, आणि नावावर आडवा घातलेला झेंडूचा जाड हार. हाराच्या एका बाजूला एफ आणि आर दिसत होते, दुसऱ्या बाजूला एन आणि डी. मधली दोन अक्षरं झेंडूखाली होती.

"हार मीच घातलाता," वहिनी म्हणाली.

मी फोटो इकडून तिकडून मोठा करून बघितला. फुलं तेवढी मोठी झाली. मी म्हटलं, दादा कुठला इतका करतोय, इतकी वर्षं केलं नाही, पुठ्ठा खिशात घालून विसरून गेला असेल. मला हे खरं व्हावंसं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की दादानं माझं ऐकलेलं नसावं.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं त्यांनी कवा टाळलंय, भावजी?"

पुस्तकं, वह्या, अलिबागची खोली, मित्रांसमोर नारळ. त्यानं काहीच टाळलं नव्हतं. फक्त एक स्पेलिंग टाळलं होतं, आणि तेही मी या वेळी लाल रेघा मारून त्याच्या हातात दिलं होतं.

मी पेंटरला फोन लावला. तो उरणच्या बाजूला होता. त्याला वाटलं मी तक्रारीसाठी फोन केलाय, म्हणून तो आधीच स्वतःच्या बचावाचं बोलायला लागला. म्हणाला, मी जुनं नाव कधी खरवडत नाही, त्यात लाकूड खराब होतं. त्यावरच निळा देतो आणि वर अक्षरं काढतो. कुणी कागद दिला तर कागदावरची, नाही दिला तर होती तशीच. या वर्षी तुमच्यात कागद दिला का पुठ्ठा दिला, मला खरंच आठवत नाही, एवढ्या बोटी रंगवल्या. मग त्याला काहीतरी लक्षात आलं असावं. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, बोट आली ना?

मी फोन ठेवला.

चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन आला. चुलत्याचा वाटा त्या बोटीत होता, त्यामुळे त्याच्याही घरी चूल पेटली नव्हती. दिघीला नेणारी फेरी बोट वाऱ्यामुळे बंद होती, म्हणून आम्ही तळा-म्हसळ्यावरून वळसा घालून निघालो. पाऊस थांबून थांबून येत होता. मागे बसून मी पेंटरचं बोलणं आठवत होतो. जुनं खरवडत नाही. त्यावरच देतो. म्हसळा सोडल्यावर कुठेतरी त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला. आमच्या बोटीवर इतकी वर्षं आयच्या जागी ई होता. या वर्षी दादानं पुठ्ठा दिला असेल तर नवा आय त्या जुन्या ईच्या डोक्यावर बसला असेल. वर निळा दिला तरी जुन्या रंगाचा उंचवटा राहतो. म्हणजे फळी हातात घेतली की कळेल. डोळ्यांनी नाही तर बोटांनी कळेल.

हे लक्षात आलं तेव्हा मला आधार वाटायला हवा होता. उलट मोटारसायकल जरा हळू जावी असं वाटायला लागलं. कारण आता कळणार होतं.

फळी सरबताच्या गाडीवाल्यानं खडकांतून वर ओढून आणली होती आणि गाडीमागं भिंतीला टेकवून वर ताडपत्री टाकली होती. आम्ही कुठून आलो ते ऐकल्यावर त्यानं ताडपत्री काढली. तो म्हणाला, "सकाळपासून लोक येतायत, बघतायत, जातायत. हात कोन लावत न्हाय." चुलतभाऊ जवळ आला नाही. समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि मला म्हणाला, तूच बघ.

फोटोत होती त्यापेक्षा फळी मोठी होती. निळा आमच्यासारखाच. पण आमच्या बंदरातल्या निम्म्या बोटी त्याच निळ्या असतात. मी गुडघ्यावर बसलो. आरवरून बोट फिरवलं. मग आयवर ठेवलं आणि तिथंच थांबलो. ईला तीन आडव्या दांड्या असतात. त्या आयच्या उजवीकडे लागतील. मुलांना मी ई काढायला शिकवतो तेव्हा म्हणतो, एक उभी काठी आणि तिला तीन फांद्या. आता माझं बोट काठीवर होतं आणि फांद्यांकडे ते न्यायचा मला धीर होत नव्हता. गाडीवाला माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, याला वाचता येत नाही.

मी डोळे मिटले आणि बोट उजवीकडे सरकवलं.

सपाट होतं. मी पुन्हा फिरवलं, वरून, मधून, खालून. काही लागलं नाही. मग चुलतभावाकडून चावी मागून घेतली आणि आयच्या कडेला हलकेच खरवडलं. नव्या पांढऱ्याखाली जुना, पिवळट पडलेला पांढरा होता, आणि तोही आयच होता. त्याच्या बाजूला नुसता निळा, निळ्याखाली निळा. या फळीवर पहिल्यापासून आय आधीच होता.

"आपली नाही," मी म्हणालो.

चुलतभाऊ वळला. कशावरून, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे पेंटरनं चुकीचं लिवलंतं म्हनून..." तो गाडीच्या बाकावर बसला. गाडीवाल्यानं दोघांना पाणी दिलं आणि ताडपत्री पुन्हा फळीवर घालता घालता सहज विचारलं, "मंग कोनाची?"

मी वहिनीला फोन केला आणि सांगितलं, फळी आपली नाही. तिनं विचारलं, "मंग बोट कुठंय?"

खरंच, एवढ्या शोधातून फक्त एवढंच हाती आलं होतं की ही फळी आमची नव्हती. परतीच्या वाटेवर ती सुटकाही टिकली नाही. एका फळीनं आमचं नाव घेतलं नाही, पण दर्यात फळ्या पुष्कळ होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. वहिनीनं घेतला आणि न बोलता आईच्या कानाला लावला. दादा होता. वाऱ्यात इंजिन बंद पडलं, वाहत वाहत ते खाली गेले, आणि एका मोठ्या बोटीनं ओढून त्यांना दाभोळच्या खाडीत नेलं. फोन भिजले होते, वायरलेस गेला होता. सगळे खलाशी ठीक होते. आईला तो पहिल्यांदा काय म्हणाला हे आम्हाला नंतर कळलं. तो म्हणाला होता, "जेवलोय."

बोट दुरुस्त होऊन बंदराला लागली त्या दिवशी मी रजा घेऊन गेलो. सगळी वाडी जेट्टीवर होती. ती जवळ येताना मी माणसं मोजायच्या आधी नाळेकडे बघितलं, याची मला आजही लाज वाटते. हार केव्हाच गळून गेला होता. नाव स्वच्छ दिसत होतं. आय आधी, ई नंतर.

दादा उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला बघून नाळेकडे हात करून म्हणाला, "झालं ना तुज्या मनासारखं? आता खूश?"

मी पुढे होऊन नाळेवर हात ठेवला. त्याला वाटलं, मी अक्षरांचं कौतुक करतोय. मी आयच्या उजवीकडे बोट सरकवलं. रंगाखाली तीन बारीक उंचवटे लागले. वर एक, मध्ये एक, खाली एक.

त्याच आठवड्यात ग्रुपवर कळलं की ती फळी 'ओरिएंट' नावाच्या बोटीची होती, वरच्या अंगाच्या लांबच्या एका बंदरातली. तिच्यावरचे काही जण सापडले, काही नाहीत.

दादाशी या सगळ्याबद्दल समोरासमोर बोलायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही. तो विषय निघाला की तो इंजिनाबद्दल बोलायचा. वारा बसल्यावर तो पुन्हा दर्यावर गेला, मी रोह्याला आलो, आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून त्याला पत्र लिहिलं. तो मराठी सावकाश वाचतो, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते असं होतं.

दादा,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून.

हरिहरेश्वरला सापडलेल्या फळीचं तुला वहिनीनं सांगितलं असेल. तिच्यावर चार अक्षरं होती. तू हातावर आणायचास तशीच मधलीच, पुढचं-मागचं तुटलेली. आई म्हणाली, शब्द काढ. मी काढले. तुझ्यासाठी इतके शब्द काढले, पण इतके कमी कधी सापडले नव्हते, आणि पहिलाच आपला होता. तेव्हा मी काय मागत होतो ते तुला सांगायचंय. तू माझं ऐकलेलं नसावंस, एवढंच मी मागत होतो. तो पुठ्ठा तुझ्या खिशात कुजून जावा, असं. मला शिकवायला तू शाळा सोडलीस, आणि मी शिकून तुला काय दिलं, तर एका अक्षराची जागा. ती तू घेतलीस हे मला जेट्टीवर कळलं, आणि तुझ्यासमोर मला उभं राहवेना. तुला वाटलं मी खूश झालो. मी घाबरलो होतो, दादा. अजून आहे.

अजून एक आहे. यादीत ओरिएंट दिसला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिकडेही एखादी आई दाराकडे तोंड करून बसली असेल, हे मला त्या वेळी सुचलं नाही. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

लाल बावट्याची बातमी वायरलेसवर आली की जाळं पाण्यात असलं तरी कापून टाक आणि ये. तू माझं टाळत नाहीस असं वहिनी म्हणते. मग हेही टाळू नको.

पुढच्या जुलैत पेंटर येईल. वर नाव बरोबरच राहू दे, आता बदलू नको. पण त्याला सांग, तो करतो तसंच कर, जुनं खरवडू नको. खालचा ई तसाच राहू दे. त्याच्यावर दरवर्षी रंग चढत जाऊ दे. मी येईन तेव्हा मला तो हाताला लागला पाहिजे.

तुझा धाकटा